निकडीचा निरोप

४ ऑगस्ट

भिंगरे,

पत्राबरोबर पार्सल बघून दचकू नकोस. मी ठणठणीत आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते टेलिफोन एक्स्चेंजात पस्तीस वर्षं शिड्या चढून. त्यात नवीन काही नाही.

तुझ्याकडे काम काढलंय. तू कॉलेजच्या सुट्टीत यायचीस तेव्हा माझ्या खिडकीत अँटेना लावलेली एक डबी असायची, आठवते? इथे डोंगरात फोन लागला तर लागला. म्हणून आम्ही चार हौशी माणसांनी घरोघरी रेडिओच्या डब्या बसवल्या होत्या. आपल्या डबीवर निरोप लिहिला की ती शेजारच्या डबीला देते, ती पुढचीला, असं करत निरोप मुक्कामी पोचतो. मध्ये कंपनी नाही, कुणी नाही. प्रोग्रॅम माझा, नाव निरोप्या. आज एकतीस घरं त्यावर आहेत. नर्सबाईंचं तर त्यावाचून पान हलत नाही.

आता जुन्या डब्या माना टाकायला लागल्यात. सात गेल्या. तसल्या आता मिळत नाहीत, आणि ज्या मिळतात त्यांना जुना निरोप्या कळत नाही. आठ महिने बसून मी तो नव्याने लिहिलाय. थंडीतलं धुकं उतरायच्या आत तो घरोघरी लागायला हवा. पण तपासल्याशिवाय मी तो एकाही घरात नेणार नाही, आणि माझं मीच तपासलेलं मला चालत नाही. तू पोटापाण्यासाठी हेच करतेस, म्हणून तुला त्रास.

पार्सलमध्ये दोन नव्या डब्या आहेत, पाकिटात प्रोग्रॅम भरलेलं मेमरी कार्ड. अटी मात्र ऐक. डब्यांना अँटेना लावायची नाही. त्या जागी मी पाठवलेल्या पितळी टोप्या घट्ट बसवायच्या. टोपीशिवाय चालू केलीस तर डबी जळेल. घरच्या इंटरनेटला त्यांचा वाराही लागू द्यायचा नाही. सगळं एका बंद खोलीत. खोलीबाहेर एक अक्षरही जाता कामा नये.

तुझ्या आईला सांगायचं की नाही ते तुझं तू बघ. मी नमस्कार सांगितलाय असं मात्र म्हणू नकोस.

तुझी
मावशी

१३ ऑगस्ट

प्रिय मावशी,

अकरा वर्षांत तू मला वाढदिवसाची कार्डं सोडून काही पाठवलं नव्हतंस. आता एकदम हे पार्सल! मी ऑफिसातून आले, बूटसुद्धा न काढता ते उघडलं.

तुझ्या अटी वाचून हसले, रागावू नकोस. अगं, तुझी सगळ्यात जवळची डबी माझ्यापासून गाडीने नऊ तासांवर आहे. इथून मी अँटेना लावून बोंब मारली तरी ऐकणार कोण? पण तू म्हणतेस तर तसंच. सामानाची खोली रिकामी केली आणि एक पत्र्याची ट्रंक शोधली. दोन्ही डब्या टोप्या घालून ट्रंकेत, झाकण बंद, वायर तेवढी फटीतून बाहेर. वर मी तुझ्या जाळ्याचा चॅनेल बदललाय आणि सांकेतिक किल्लीही वेगळी ठेवलीय. म्हणजे ट्रंकेतून एखादं अक्षर निसटलंच तरी ते बाहेर कुणाला वाचता येणार नाही. झालं समाधान?

मी इस्पितळातल्या औषध सोडणाऱ्या पंपांची तपासणी करते. तिथे माझा एकच धंदा असतो. पंपाला जितकं छळता येईल तितकं छळायचं. मध्येच वीज काढायची, चुकीचं बटण दाबायचं, एकच सूचना शंभर वेळा द्यायची. तुझ्या निरोप्यालाही तोच पाहुणचार मिळेल. आतापर्यंत एकाच वेळी पाचशे निरोप त्याच्या अंगावर सोडले. बिचारा धापा टाकत होता, पण एकही हरवला नाही. मावशी, तू हे एकटीने लिहिलंस? आमच्या ऑफिसात सहा जणांना जमत नाही.

आईने ट्रंक पाहिली. "हे काय?" म्हणाली. मी म्हटलं, ऑफिसचं काम. तुझं नाव काढलं की ती भांडी घासायला उठते, घासलेली असली तरी. तुमचं काय बिनसलंय ते मी विचारायचं सोडून दिलंय.

तुझीच,
भिंगरी

२२ ऑगस्ट

भिंगरे,

ट्रंक उत्तम. झाकणाची फट नुसत्या फडक्याने नाही, धातूच्या जाळीने बुजव. चॅनेल कितवा घेतलास ते लिहून ठेव आणि खोलीला कुलूप लाव.

हसतेस ते हस. मीही इकडे चार डब्या घेऊन जिन्याखाली, पाण्याच्या टाकीजवळच्या दगडी खोलीत बसतेय. रोज काम सुरू करायच्या आधी एक चालू डबी हातात धरून घराभोवती फेरी मारते, आतलं काही ऐकू येतंय का बघायला. मेंढ्या घेऊन जाणारा शेजारी परवा विचारत होता, "बाई, काही हरवलंय का?"

तुला गंमत वाटते म्हणून एक सांगते. मागच्या महिन्यात नर्सबाईंना वरच्या वस्तीतून 'निकड' अशा खुणेचा निरोप आला. वाफाळता चहा तसाच टाकून त्या निघाल्या. बाळ पायाळू होतं, त्या वेळेवर पोचल्या, आता आई-बाळ छान आहेत. मी त्यांना विचारलं, निरोप खरा आहे की नाही अशी शंका नाही येत कधी? "तुमच्या डबीवर आलाय म्हणजे खराच ना," म्हणाल्या.

या एकतीस घरांत निरोपाला कुणी 'खरंच का?' असं विचारत नाही. लक्षात ठेव.

मावशी

५ सप्टेंबर

प्रिय मावशी,

दोष सापडला. आणि दोषाबरोबर आणखी काही सापडलं, ते कसं लिहावं कळत नाहीये. आधी दोष.

कुठला निरोप पोचता केला याची यादी तुझी डबी फक्त वीज असेपर्यंत लक्षात ठेवते. मी मध्येच वीज काढली. परत दिली तेव्हा डबीला वाटलं, एकही निरोप पोचलेला नाही. मग कार्डावर होतं नव्हतं ते सगळं तिने पुन्हा नव्याने पाठवायला सुरुवात केली. दुसरी डबी निमूट घेत बसली. चार हजारांवर निरोप! विचार कर, हे तुमच्या चालू जाळ्यात झालं असतं तर? एकदा वीज गेली की नर्सबाई गेल्या चौदा वर्षांतल्या प्रत्येक बाळंतपणाला पुन्हा पळाल्या असत्या.

आता दुसरं. कार्डावर तुझे जुने खरे निरोप तसेच राहिलेत. मावशी, हे तू मला शिकवायचं की मी तुला? तपासणीत खऱ्या माणसांचे निरोप कधीच ठेवायचे नसतात. मी वाचणार नव्हते. पण निरोप्या निकडीचे आधी पाठवतो, त्यातही सगळ्यात जुना आधी. त्यामुळे पडद्यावर पहिलाच हा आला:

"ताई, जिन्यावरून पडले. उठता येत नाही. लगेच ये. – मिठू."

तुला मिठू म्हणणारी जगात एकच आहे. तेव्हा आम्ही डोंगराच्या पायथ्याशी राहायचो, आईच्या खिडकीतही तुझी डबी होती. तारीख अकरा वर्षांपूर्वीची, सतरा जानेवारी, दुपारी तीन दहा. त्याच संध्याकाळी आईची गाडी वळणावरून खाली गेली.

मी ट्रंकेशेजारी जमिनीवर बसून राहिले. आई मला इतकंच म्हणाली होती, 'मावशीकडे जात होते, धुकं होतं.' तू पडली होतीस हे तिने कधी सांगितलं नाही. म्हणजे तू तिकडे जिन्यात पडून तिची वाट बघत होतीस, आणि ती खड्ड्यात. तुला उचललं कुणी? किती वेळाने?

आणि इतकी वर्षं तू स्वतःला दोष देत बसलीस ना? म्हणून ही कुलपं, या फेऱ्या? अगं, पडलेल्या माणसाने बहिणीला हाक मारायची नाही तर कुणाला? यात तुझी काय चूक? मी आज तिथे असते तर तुला घट्ट मिठी मारली असती.

दोष मी दुरुस्त करायला घेतलाय. तू फक्त लिही.

तुझी भिंगरी

१४ सप्टेंबर

भिंगरे,

तुझं पत्र चार दिवस उशाशी घेऊन झोपले. तुझा गैरसमज तसाच राहू द्यावा असं दोन दिवस वाटत होतं. तुझी ती मिठी मला हवी होती. पण ती माझ्या हक्काची नाही.

मी पडले नव्हते.

त्या दुपारी मी खुर्चीत बसले होते. टेबलावर दोन डब्या तपासणीच्या, आणि तिकडे खिडकीत रोजची चालू डबी. 'निकड' ही खूण मी तेव्हा नव्यानेच केली होती. ज्याला निरोप द्यायचा त्याची डबी बंद असेल तर दहा मिनिटांनी निरोप्याने दुसरी वाट शोधायची, असं मी त्याला शिकवलं होतं. ते बघायला मी टेबलावरची एक डबी तुझ्या आईची धरून मुद्दाम बंद केली आणि दुसरीवरून एक खोटा निरोप सोडला. खिडकीतली डबी बंद करायची राहिली. खरं तर राहिली नाही. उठायचा कंटाळा केला. दहा फुटांवर तर आहे, काय होतंय, म्हटलं.

दहा मिनिटांनी निरोप यादीतून नाहीसा झाला. त्याने खिडकीतल्या डबीतून वाट शोधली होती. मला वाटलं, जमलं! मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या, भिंगरे. तेव्हा तुझी आई गाडीची किल्ली शोधत असणार.

इस्पितळातून फोन आला तेव्हा सगळं उमगलं. तिसऱ्या दिवशी ती नीट बोलायला लागली. मी तिच्या खाटेशी बसून सांगितलं, "ताई, तो निरोप तुझ्यासाठी नव्हता गं. नुसती चाचणी होती." तिने तोंड भिंतीकडे केलं. अजून ते तसंच आहे.

तिच्या शाळेत ती मुलींना पळायला शिकवायची. त्यानंतर तिला लायब्ररीत बसवलं. तुला हे तिने सांगितलं नाही, कारण तू माझ्यावर माया करत होतीस आणि तिला ती तोडायची नव्हती. तिचा स्वभाव मला ठाऊक आहे. बाकीचे निरोप पुसायचे राहिले, तो एक मात्र मला पुसवला नाही. आपण काय केलं ते कुठेतरी राहावं असं वाटायचं.

आता तू काय करायचं ते कर. डब्या परत पाठवल्यास तरी मला कळेल.

मावशी

२ ऑक्टोबर

मावशी,

सोबत कार्ड आणि दोन्ही डब्या. पोचलेल्या निरोपांची यादी आता कार्डावरच लिहिली जाते, वीज गेली तरी राहते. साठ वेळा वीज काढून पाहिली. सात दिवसांपेक्षा जुना निरोप निरोप्या काही झालं तरी पुन्हा पाठवत नाही. जुने निरोप पुसले. तो एक सोडून. तो तुझा तू पूस.

शेवटची तपासणी दोन माणसांनी दोन खोल्यांत बसून करायला हवी. मशीनला मशीनने छळून झालंय, आता माणसांनी छळायचं बाकी आहे. त्यासाठी कुणीतरी शोध. मला येता येणार नाही.

सकाळी आई उठते तेव्हा तिचा एक पाय जमिनीवर आधी वाजतो आणि दुसरा मागून ओढत येतो. अकरा वर्षं मी त्या आवाजाने जागी होते. गेले पंधरा दिवस मला तो ऐकवत नाही.

याहून जास्त लिहिलं तर वाईट लिहीन.

भिंगरी

१९ ऑक्टोबर

मिठू,

पोरीने काल तुझं पत्र माझ्यापुढे टाकलं आणि म्हणाली, "तू मला खोटं का सांगितलंस?" मी म्हटलं, खोटं नाही, अर्धं. ती म्हणाली, तुम्ही दोघी बहिणी शोभता.

ती तुझ्यावर चिडलीय. माझ्या पायाच्या वतीने चिडलीय. म्हणून मला लेखणी हातात घ्यावी लागली. माझा पाय आपलं वकीलपत्र कुणाला देत नाही.

तुला वाटतं, मी पायावरून रागावले. वेडी आहेस. धुक्यात मी गाडी जोरात चालवली, वळण मी चुकवलं. पाय सहा महिन्यांत जुळला, जसा जुळायचा तसा. लायब्ररीतही पुढे मन रमलं. मुलींना पळवण्याऐवजी वाचायला लावलं, त्याही तितक्याच कुरकुरल्या.

तुला आठवतं, तुझं पोटाचं ऑपरेशन झालं होतं? मला कळलं तेव्हा टाकेसुद्धा काढून झाले होते. घराचं छप्पर उडालं, तेव्हाही तू नवीन घालून झाल्यावर फोन केलास. वडील गेले तेव्हा सगळे रडत होते आणि तू लोकांना पाणी देत फिरत होतीस. लहान होतीस तेव्हाही पडलीस की गुडघा झाकून उभी राहायचीस. मी मोठी, पण तू मला मोठी होऊच दिलं नाहीस.

त्या दुपारी डबीवर तुझा निरोप आला, 'उठता येत नाही, लगेच ये.' हातातलं काम टाकून मी निघाले. पण मिठू, लिहायची लाज वाटते, गाडीत बसल्यावर आत कुठेतरी मला बरं वाटत होतं. वाटलं, अखेर हिने मला हाक मारली. वाटभर ठरवत होते, तुला माझ्याकडे आणायचं, कुठल्या खोलीत झोपवायचं, तू किती कटकट करशील.

आणि मग खाटेशी बसून तू म्हणालीस, तो निरोप तुझ्यासाठी नव्हता.

तेव्हा जे मोडलं त्याला प्लास्टर घालता येत नव्हतं. तुझ्याशी भांडायला गेले असते तर हे सांगावं लागलं असतं. म्हणून गप्प बसले. गप्प बसायची सवय लागली की ती चष्म्यासारखी होते, नाकावर आहे हेच विसरायला होतं.

पोरीला सांगितलं, तिला नीट उत्तर लिही. ती लिहील.

ताई

२७ ऑक्टोबर

ताई,

पाच कागद फाडले. हा सहावा, कसाही झाला तरी पाठवणार.

निरोप्याच्या बाकीच्या सगळ्या चाचण्यांना मी 'अ कडून ब ला' असंच लिहायचे. मजकूरही 'एक दोन तीन' असाच. माझ्या त्या वेळच्या वह्या अजून आहेत, हवं तर दाखवते. पण निकडीचा निरोप तपासताना म्हटलं, माणूस खरंच अडचणीत असेल तर काय लिहील, किती शब्दांत लिहील, ते बघू. मग मी स्वतःला विचारलं, मी जिन्यावरून पडले तर काय लिहीन? बोटांनी विचारसुद्धा केला नाही. यादीत अठ्ठावीस नावं होती तेव्हा. शेजारचा डॉक्टर होता, नर्सबाई होत्या. माझ्यापासून तू सगळ्यात लांब. तरी बोटांनी तुझंच नाव टाकलं.

इस्पितळात मी तसं बोलले कारण मला वाटलं, मिठू धडधाकट आहे कळलं की तुझ्या जिवाचा घोर जाईल. मी तुझ्याकडून ती हाकच काढून घेतेय हे मला दिसलं नाही. मला वायरी दिसतात, माणसं उशिरा दिसतात.

तो निरोप तुझ्यासाठीच होता, ताई. फक्त त्या दिवशी खरा नव्हता.

आता खरी गोष्ट लिहिते. मला मदत हवी आहे. शेवटच्या तपासणीला दोन माणसं लागतात, दोन खोल्यांत. इथे दुसरं कुणी मिळेलही. पण मला तू हवी आहेस. जिन्याला मी कठडा लावून घेतलाय. घाई काही नाही. ऊन असेल अशा दिवशी निघ, सावकाश ये.

मिठू

६ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

तुझं पत्र आईने तीनदा वाचलं. मग भांडी घासली. मग कपाटातून बॅग काढली आणि मला म्हणाली, "तुझी रजा किती शिल्लक आहे?"

मी येत्या शनिवारी तिला घेऊन येतेय. सकाळी निघू, उजेड असताना पोचू. मला दोन दिवसांनी परतावं लागेल, आई राहील म्हणते.

माझ्या मागच्या पत्राबद्दल काय लिहू? मी खरी चिडले होते, आणि थोडी अजून आहे. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "असू दे, जाईल हळूहळू, त्यासाठी काही करावं लागत नाही." पण तू मला खरं सांगितलंस, आणि ते न सांगता तुला भागलं असतं, हे माझ्या डोक्यातून जात नाही. मी दिवसभर मशीनचे दोष शोधते. स्वतःचा दोष कुणी असा आपणहून लिहून पाठवल्याचं मी पाहिलं नव्हतं.

दोन माणसांच्या तपासणीचे नियम: खरी नावं नकोत, खरा मजकूर नको, चालू डबी बंद, आणि शेवटी कार्ड पूर्ण पुसायचं. मगच जाळ्यावर. आईला नीट समजावून सांग. ती नियम मोडते.

तुझी
भिंगरी

८ डिसेंबर

लाडक्या भिंगरीस,

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी तपासणी सुरू केली. ताई खालच्या दगडी खोलीत, मी वर जेवणाच्या टेबलाशी. मध्ये वायर आणि दोन डब्या तू आणलेल्या ट्रंकेत. खिडकीतली डबी मी स्वतः बंद केली, अँटेना काढली, ताईला हाताने चाचपून बघायला लावली. ती म्हणाली, "मिठू, पुरे, माझा विश्वास आहे." मला एकदम खोकला आला. तो जरा वेळ थांबेना.

तुझे नियम तिने अर्धा तास पाळले. 'क कडून ड ला, पाच सहा सात.' मग 'क कडून ड ला, इथे गार आहे.' मग 'शाल कुठे आहे?' मी शाल नेऊन दिली तर म्हणाली, "तू कशाला आलीस? लिहून विचारायचं. तपासणी चालू आहे ना?" वर येऊन बसते तर पुढचा निरोप आलेला. तो नियमात बसणारा नव्हता. मी त्याला उत्तर लिहिलं, तेही बसणारं नव्हतं.

तीन दिवस आम्ही असं केलं. जेवायला समोरासमोर बसलो की मीठ दे, पाणी दे, एवढंच. जेवण झालं की ती उतरायची खाली, कठडा धरून, आणि डबी वाजायला लागायची. दोनशे चौदा निरोप झाले. काय लिहिलं ते तुला सांगणार नाही. एवढं सांगते, वडील गेले त्या दिवशी मी पाणी देत का फिरत होते ते तिला आता माहीत आहे. मधूनमधून मी वीज काढत होते. एकही निरोप दुसऱ्यांदा गेला नाही, एकही हरवला नाही. तुझी दुरुस्ती चोख आहे.

चौथ्या दिवशी कार्ड पुसायचं होतं. मी म्हटलं, ताई, ठेवू या का एक प्रत? ती म्हणाली, "पोरीचा नियम आहे. आणि मला जे सांगायचं ते पोचलं." बटण तिने दाबलं. तो जुना निरोपही त्यातच गेला. तिने मला विचारलं होतं. मी हो म्हटलं.

एकोणतीस नोव्हेंबरला पहिल्या दहा डब्या चालू जाळ्यावर लावल्या. पहिला निरोप नर्सबाईंना केला, 'नवीन डबी, पोचल्यास कळवा.' लगेच उत्तर: 'पोचला. जुनीपेक्षा आवाज फार मोठा आहे, मांजर पळालं.' मग बेकरीवाल्याकडची वीज काढून पाहिली. परत आली तेव्हा डबी शांत बसून होती. तो भट्टीजवळून ओरडला, "बाई, हिला काही सुचत नाहीये का?" मी म्हटलं, सुचता कामा नये, हेच तर जमवायचं होतं. ताई माझ्या दंडाला धरून उभी होती, आधार कोण कुणाला देत होतं कुणास ठाऊक.

आता रोज दोघी निघतो. मी शिडीवर, ती खाली, हातात यादी. प्रत्येक घरात ती माणसांना नवीन डबी शिकवते, मुलींना शिकवायची तशी, शिट्टी तेवढी नाही. मला कधी जमलं नव्हतं ते. मी सांगितलं की लोक मान हलवतात, ती सांगते तेव्हा त्यांना कळतं.

ती म्हणते, सगळ्या घरी डब्या लागल्या की निघणार. अजून नऊ घरं राहिलीत, असं मी तिला सांगितलंय. खरं तर तीनच राहिलीत. तू पत्रात आकडा लिहू नकोस, तुझी पत्रं ती आधी उघडते.

आणि बेकरीवाल्याने मला काल हळूच सांगितलं, ताई त्याच्याकडे पाव आणायला गेली होती. म्हणाली, पुढची तीन घरं आठवडाभर परगावी आहेत असं माझ्या बहिणीला कुणी सांगितलं तर बरं होईल.

तुझी
मावशी